टर्मिनलमध्ये मोठ्या फाइली पडद्यापडद्याने वाचणे: ‘लेस’चा सविस्तर वापर

टर्मिनलवर एखादी फाइल पाहायची असली की बहुतेकांचा हात ‘कॅट’ या कमांडकडे जातो. फाइल दहा-वीस ओळींची असेल तर तेवढे पुरते. हजारो ओळींची असेल तर मजकूर क्षणात वर सरकून जातो, समोर फक्त शेवटच्या काही ओळी उरतात, आणि माउसने कितीही मागे गेले तरी टर्मिनल ठरावीक ओळींपलीकडचे काही जपून ठेवत नाही. दुसरी सवय एडिटर उघडण्याची. तिथे वाचता वाचता चुकून एखादे अक्षर दाबले जाऊन फाइल बदलण्याची भीती असते, आणि काही एडिटर फाइल पूर्ण वाचून झाल्याशिवाय पहिली ओळही दाखवत नाहीत. केवळ वाचण्यासाठी केलेले साधन म्हणजे पेजर, आणि ‘लेस’ हा असाच एक पेजर आहे. तो मजकुराचा एक पडदा दाखवून थांबतो, वाचकाने सांगितल्यावरच पुढे सरकतो, आणि स्वतःहून फाइलला हात लावत नाही.

पेजर शिकवताना सहसा कळांची लांबलचक यादी दिली जाते आणि ती दोन दिवसांत विसरली जाते. माझ्या मते पुढे-मागे सरकण्याच्या चार कळा कळल्या की लगेच शोध, गाळणी आणि खूण या तीन गोष्टींकडे वळावे, कारण मोठी फाइल कोणी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचत नाही. तिच्यात काहीतरी शोधायचे असते, आणि सापडलेल्या जागेच्या आजूबाजूचा मजकूर वाचायचा असतो. म्हणून या लेखात सर्वाधिक जागा याच तीन गोष्टींना दिली आहे.

लेखनाबद्दल एक खुलासा आधीच करतो. खाली कमांडची नावे, पर्याय आणि कळा देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी अंकांतच टाइप करायच्या आहेत. ‘लेस’ची अक्षरे एल, ई, एस, एस अशी आहेत आणि ‘मोअर’ची एम, ओ, आर, ई. पेजरमध्ये लहान आणि मोठ्या अक्षरांचे अर्थ वेगळे असतात, त्यामुळे जिथे ‘मोठे’ असे स्पष्ट म्हटलेले नाही तिथे अक्षर लहान समजावे.

आधी थोडे ‘मोअर’विषयी

पडद्यापडद्याने मजकूर दाखवणारा ‘मोअर’ हा प्रोग्रॅम डॅनियल हॅल्बर्ट यांनी १९७८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संकुलात लिहिला. कागदावर छापणाऱ्या टर्मिनलची जागा तेव्हा काचेच्या पडद्याचे टर्मिनल घेत होते. कागदावरचा मजकूर मागे जाऊन वाचता येत असे, पण पडद्यावरून वर सरकलेली ओळ कायमची जाई. पडदा भरला की थांबायचे आणि तळाशी ‘मोअर’ हा शब्द दाखवून वाचकाच्या होकाराची वाट पाहायची, एवढीच मूळ कल्पना होती.

‘मोअर’ अजूनही जवळजवळ प्रत्येक प्रणालीवर सापडतो. स्पेसबारने पुढचा पडदा येतो, एंटरने एक ओळ पुढे सरकते आणि क्यू दाबले की बाहेर पडता येते. त्याची मोठी अडचण मागे जाण्याची आहे. दुसऱ्या कमांडकडून पाइपने, म्हणजे थेट जोडणीने, आलेल्या मजकुरात तो परंपरेने मागे जाऊ शकत नाही. हीच उणीव भरून काढण्यासाठी मार्क नुडेलमन यांनी १९८३ ते १९८५ या काळात ‘लेस’ लिहिला, आणि आजही त्याची देखभाल तेच करतात. फ्रीबीएसडीसारख्या काही प्रणालींवर तर ‘मोअर’ हे नाव टाइप केले तरी प्रत्यक्षात ‘लेस’च चालू होतो, फक्त जुन्या पद्धतीने वागतो. त्यामुळे ‘मोअर’ वेगळा शिकण्यात वेळ घालवण्याचे कारण उरलेले नाही.

पहिली फाइल उघडणे आणि तिच्यात फिरणे

सरावासाठी ‘/ईटीसी/सर्व्हिसेस’ ही फाइल चांगली आहे. नेटवर्कवरच्या सेवांची नावे आणि त्यांचे पोर्ट क्रमांक तिच्यात असतात, ती बहुतेक लिनक्स प्रणालींवर आणि मॅकवर आधीच असते, आणि ती वाचायला विशेष अधिकार लागत नाहीत. ‘लेस’ लिहून एक जागा सोडावी, फाइलचा मार्ग लिहावा आणि एंटर दाबावे. संपूर्ण टर्मिनल भरून फाइलचा पहिला पडदा दिसेल आणि सर्वांत खालच्या ओळीत फाइलचे नाव येईल. पुढे सरकल्यावर त्या जागी नुसता अपूर्णविराम दिसतो. तो दिसत असताना ‘लेस’ आपल्या पुढच्या कळेची वाट पाहत असतो.

स्पेसबारने एक पडदा पुढे आणि बी दाबल्यावर एक पडदा मागे जाता येते. डी आणि यू या कळा अनुक्रमे अर्धा पडदा पुढे आणि अर्धा पडदा मागे नेतात. वाचनासाठी मला त्याच अधिक योग्य वाटतात, कारण नुकताच वाचलेला अर्धा भाग डोळ्यांसमोर राहतो आणि वाक्याचा संदर्भ तुटत नाही. एकेका ओळीने सरकायचे असेल तर वर-खाली बाणाच्या कळा आहेतच. त्यांच्याऐवजी जे आणि के वापरले तर हात अक्षरांवरून उचलावा लागत नाही. जी दाबले की फाइलच्या आरंभी जाता येते, मोठे जी दाबले की शेवटी. आधी आकडा टाइप करून मग जी दाबले तर त्या क्रमांकाच्या ओळीवर जाता येते, आणि आकड्यानंतर टक्क्याचे चिन्ह दाबले तर फाइलच्या तेवढ्या टक्क्यांवर. म्हणजे ५० आणि टक्क्याचे चिन्ह दाबल्यास आपण फाइलच्या मध्यावर पोहोचतो.

आपण नेमके कुठे आहोत हे पाहण्यासाठी बरोबरचे चिन्ह दाबावे. दिसत असलेल्या ओळींचे क्रमांक, एकूण बाइट आणि टक्केवारी तळाशी येते. ओळींचे क्रमांक डावीकडे सतत हवे असतील तर वजा चिन्ह, मोठे एन आणि एंटर असे क्रमाने दाबावे, आणि पुन्हा तेच केले की क्रमांक जातात. येथे एक महत्त्वाची सोय लक्षात घ्यावी. ‘लेस’चे जवळजवळ सगळे पर्याय फाइल उघडताना देता येतात, तसेच फाइल उघडी असतानाही वजा चिन्ह आणि अक्षर दाबून चालू-बंद करता येतात. एखादा पर्याय विसरला म्हणून बाहेर पडून फाइल पुन्हा उघडण्याची गरज नसते. एच दाबल्यास मदतीचा मजकूर उघडतो, आणि मदतीतून तसेच फाइलमधूनही क्यू दाबूनच बाहेर पडायचे असते.

शोध

तिरकी रेघ म्हणजे ‘/’ दाबली की तळाशी तीच रेघ उमटते आणि शोधायचा मजकूर लिहायला जागा मिळते. सर्व्हिसेस फाइलमध्ये ‘एसएसएच’ लिहून एंटर दाबले तर सापडलेली ओळ पडद्याच्या सर्वांत वर येते आणि जुळलेली सगळी अक्षरे ठळक दिसतात. एन दाबले की पुढचा जुळता मजकूर आणि मोठे एन दाबले की मागचा. तिरक्या रेघेऐवजी प्रश्नचिन्ह दाबून सुरुवात केली तर शोध वरच्या दिशेने जातो, आणि तेव्हा एन व मोठे एन यांच्या दिशाही उलटतात. लॉग फाइल, म्हणजे प्रोग्रॅम आपल्या कामाच्या नोंदी लिहितो ती फाइल, वाचताना ताज्या नोंदी शेवटी असतात, म्हणून मोठे जी दाबून शेवटी जावे आणि प्रश्नचिन्हाने मागे शोधत यावे. ही जोडी अंगवळणी पडली की लॉग वाचण्याचा बराच वेळ वाचतो.

लहान-मोठ्या अक्षरांचा भेद शोधात पाळला जातो, त्यामुळे फाइलमध्ये मोठ्या अक्षरांत असलेला शब्द लहान अक्षरांत शोधला तर सापडत नाही, आणि तो फाइलमध्ये नाहीच अशी वाचकाची चुकीची समजूत होते. यावर उपाय म्हणजे वजा चिन्ह आणि आय. हा पर्याय चालू असताना शोधशब्द पूर्ण लहान अक्षरांत लिहिला तर भेद पाळला जात नाही, आणि त्यात एखादे जरी मोठे अक्षर असले तरी पाळला जातो. मोठे आय वापरल्यास भेद कधीच पाळला जात नाही.

शोधात लिहिलेला मजकूर साधा शब्द नसून नमुना मानला जातो, आणि ‘लेस’चे खरे सामर्थ्य येथे आहे. टोपीचे चिन्ह म्हणजे ‘^’ ओळीचा आरंभ दाखवते आणि डॉलरचे चिन्ह ओळीचा शेवट. ‘^एचटीटीपी’ असे शोधल्यास या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच सापडतात, एखाद्या टिपेच्या मध्ये आलेला तोच शब्द वगळला जातो. आता समजा ५३ क्रमांकाच्या पोर्टवर कोणती सेवा असते हे पाहायचे आहे. नुसते ‘५३/’ शोधले तर ज्यांच्या शेवटी ५३ आहे असे इतर पोर्टही, उदाहरणार्थ ८५३, मध्ये मध्ये येतात. त्याऐवजी ‘[^०-९]५३/’ असा नमुना लिहावा. चौकोनी कंसाच्या आत आरंभी आलेली टोपी ‘यांपैकी नसलेले’ असा अर्थ देते, म्हणून ५३ च्या आधी अंक नसेल अशाच ओळी निवडल्या जातात आणि डोमेन नावांची सेवा चटकन सापडते. दोन-तीन शब्दांपैकी कोणताही चालणार असेल तर त्यांच्यामध्ये उभी रेघ द्यावी. ‘एरर|फेल|डिनाइड’ अशा नमुन्याने लॉगमधल्या सगळ्या संशयास्पद ओळी एकाच शोधात पालथ्या घालता येतात.

टिंब, तारांकन, कंस यांना नमुन्यात विशेष अर्थ असल्यामुळे तीच चिन्हे जशीच्या तशी शोधायची असतील तर प्रत्येकाआधी उलटी तिरकी रेघ द्यावी लागते. पुष्कळ चिन्हे असलेला मजकूर शोधताना हे कंटाळवाणे होते. अशा वेळी तिरकी रेघ दाबल्यावर, मजकूर लिहिण्याआधी, कंट्रोल धरून आर दाबावा. मग लिहिलेला मजकूर नमुना न मानता अक्षरशः शोधला जातो.

सापडलेली ओळ सर्वांत वर दिसते, त्यामुळे तिच्या आधीचा मजकूर पडद्याबाहेर राहतो. चूक कशामुळे झाली हे बहुधा आधीच्या ओळींतच असते. म्हणून वजा चिन्ह, जे आणि ‘.५’ हा पर्याय मी सर्वांना सुचवतो. त्याने सापडलेली ओळ पडद्याच्या मध्यभागी येते आणि दोन्ही बाजूंचा संदर्भ एकाच वेळी दिसतो. काम झाल्यावर ठळक झालेली अक्षरे डोळ्यांना त्रास देत असतील तर एस्केप दाबून मग यू दाबावा.

गाळणी

शोध एका जागेवरून दुसऱ्या जागेवर नेतो. कधी कधी मधला मजकूर दृष्टीआड करून फक्त जुळणाऱ्या ओळी एकाखाली एक पाहायच्या असतात. त्यासाठी ‘&’ हे चिन्ह दाबून नमुना लिहावा. नमुन्यापूर्वी उद्गारचिन्ह दिले तर उलटे होते, म्हणजे जुळणाऱ्या ओळी लपतात आणि बाकीच्या दिसतात. सेटिंगच्या फाइलींमध्ये निम्म्याहून अधिक ओळी ‘#’ ने सुरू होणाऱ्या टिपा असतात. ‘&’, मग ‘!’, मग ‘^#’ आणि एंटर असे दाबले की टिपा बाजूला होऊन प्रत्यक्ष लागू असलेली सेटिंगे तेवढी समोर राहतात. गाळणी चालू असताना पुन्हा ‘&’ ने दुसरा नमुना दिला तर दोन्हींना जुळणाऱ्या ओळीच उरतात. गाळणी काढण्यासाठी ‘&’ दाबून काही न लिहिता एंटर दाबावे.

हेच काम ‘ग्रेप’ ही वेगळी कमांडही करते. फरक असा की ‘ग्रेप’ने निवडलेल्या ओळी मूळ फाइलपासून तुटून येतात आणि त्यांच्या आजूबाजूला काय होते ते पाहायला फाइल वेगळी उघडावी लागते. ‘लेस’मधली गाळणी लावता आणि काढता येते. म्हणून कोणती ओळ महत्त्वाची ठरेल हे आधी ठाऊक नसताना मी गाळणीच पसंत करतो, आणि निवडलेल्या ओळी पुढे दुसऱ्या प्रोग्रॅमला द्यायच्या असतील तेव्हा ‘ग्रेप’.

खुणा

गाळणीत उपयोगाची ओळ सापडली की ती पडद्याच्या सर्वांत वर आणावी आणि एम दाबून कोणतेही एक अक्षर, समजा ए, दाबावे. त्या जागेवर ए नावाची खूण बसते. आता गाळणी काढावी, एकेरी अवतरणचिन्ह दाबून ए दाबावा, आणि आपण पूर्ण मजकुराच्या मध्ये त्याच ओळीवर परत येतो. गाळणी, खूण आणि परत येणे हा क्रम एकदा हाताला बसला की लाखो ओळींची लॉग फाइलही चाळता येते.

खुणांना पाहिजे तितकी अक्षरे वापरता येतात. एक घटना कुठे सुरू झाली तिथे ए, कुठे संपली तिथे बी, अशा खुणा ठेवून दोन्हींमध्ये ये-जा करावी. एकेरी अवतरणचिन्ह दोनदा दाबल्यास शेवटच्या मोठ्या उडीपूर्वी आपण जिथे होतो तिथे परत जाता येते. शोध भलत्याच ठिकाणी घेऊन गेला तर हीच जोडी सोडवते, आणि तिच्यासाठी आधी खूण करून ठेवावी लागत नाही. खुणेपासून आताच्या जागेपर्यंतचा मजकूर दुसऱ्या कमांडला देण्याचीही सोय आहे. उभी रेघ दाबावी, खुणेचे अक्षर द्यावे आणि मग कमांड लिहावी.

लांबच लांब ओळी

पडद्यापेक्षा लांब ओळ ‘लेस’ दुमडून खालच्या ओळीत चालू ठेवतो. गद्य मजकुरासाठी हे ठीक आहे, पण तक्त्यासारख्या फाइलीत त्यामुळे कोणता रकाना कोणाचा हेच कळेनासे होते. वजा चिन्ह आणि मोठे एस दिल्यास ओळी दुमडत नाहीत, पडद्याबाहेर जाणारा भाग लपतो, आणि डाव्या-उजव्या बाणांनी आडवे सरकून तो पाहता येतो. अलीकडच्या आवृत्तींत ‘--हेडर’ हा पर्यायही आला आहे. ‘--हेडर=१’ असे लिहून फाइल उघडली तर पहिली ओळ, म्हणजे रकान्यांची शीर्षके, खाली सरकले तरी वर कायम राहते.

दुसऱ्या कमांडचा मजकूर वाचणे

फाइल नसलेला मजकूरही ‘लेस’ तितक्याच सहजतेने दाखवतो. कोणत्याही कमांडनंतर उभी रेघ (हीच पाइप) देऊन ‘लेस’ लिहिले की त्या कमांडचा मजकूर पडद्यापडद्याने येतो. यात तीन गोष्टी नवख्या माणसाला अडवतात.

पहिली गोष्ट चुकांच्या संदेशांची आहे. पाइपमधून नेहमीचा मजकूर जातो, पण चुकांचे संदेश वेगळ्या प्रवाहाने थेट टर्मिनलवर येतात आणि ‘लेस’च्या पडद्यावर वेडेवाकडे पसरतात. उभ्या रेघेच्या आधी ‘२>&१’ लिहिले की दोन्ही प्रवाह एकत्र होतात आणि संदेशही वाचायला व शोधायला मिळतात. प्रोग्रॅम बांधताना आलेल्या चुका वाचायच्या असतील तर हे आवश्यकच आहे.

दुसरी गोष्ट रंगांची. ‘एलएस’ किंवा ‘ग्रेप’ टर्मिनलवर रंगीत दिसतात आणि पाइपमधून गेल्यावर रंग नाहीसे होतात, कारण समोर टर्मिनल नाही हे ओळखून त्या कमांड रंगांचे संकेत पाठवणे थांबवतात. ‘--कलर=ऑलवेज’ असा पर्याय त्या कमांडला दिला की संकेत येतात. मग ‘लेस’ला वजा चिन्ह आणि मोठे आर द्यावे लागते, नाहीतर रंगाऐवजी ‘ईएससी’ या अक्षरांपासून सुरू होणारी चिन्हांची माळ दिसते. लहान आरही रंग दाखवतो, परंतु तो सगळेच नियंत्रण-संकेत जसेच्या तसे टर्मिनलकडे जाऊ देतो, त्यामुळे ओळी मोजण्यात ‘लेस’ची चूक होऊन पडदा विस्कटू शकतो. मोठे आरच वापरावे.

तिसरी गोष्ट टक्केवारीची. पाइपमधून येणारा मजकूर एकूण किती आहे हे शेवटपर्यंत पोहोचल्याशिवाय ‘लेस’ला कळत नाही, म्हणून टक्केवारी दिसत नाही. मोठे जी दाबले तर सगळा मजकूर येईपर्यंत त्याला थांबावे लागते. तसेच मागे जाता यावे म्हणून आलेला मजकूर तो मेमरीत साठवतो, आणि तो फार मोठा असेल तर मेमरी भरू शकते. असा मजकूर आधी फाइलीत उतरवून मग ती फाइल उघडणे चांगले. वाचताना अचानक वाटले की हे जपून ठेवावे, तर एस दाबून फाइलचे नाव द्यावे. ही सोय फक्त पाइपच्या मजकुरासाठी आहे.

वाढत जाणारी लॉग फाइल

चालू सर्व्हरची लॉग फाइल पाहताना पुष्कळजण फाइलचा शेवट दाखवणाऱ्या ‘टेल’ कमांडचा पाठलाग करणारा पर्याय वापरतात. त्यात नव्या ओळी दिसतात, पण मध्येच थांबून मागे शोधता येत नाही. ‘लेस’मध्ये फाइल उघडून मोठे एफ दाबले की तो शेवटी जाऊन थांबतो आणि नवी ओळ येताच दाखवतो. कंट्रोल धरून सी दाबले की पाठलाग थांबतो आणि शोध, गाळणी, खुणा सगळे हाताशी येते. पुन्हा मोठे एफ दाबले की पाठलाग पुढे सुरू होतो. आरंभापासूनच असे हवे असेल तर कमांडमध्ये अधिक चिन्ह आणि मोठे एफ लिहावे.

मजकूर पाइपमधून येत असेल तर येथे काळजी घ्यावी लागते. कंट्रोल आणि सी दाबल्याचा संकेत मजकूर पाठवणाऱ्या कमांडलाही पोहोचतो आणि ती बंद पडते. नव्या आवृत्तींत त्यासाठी कंट्रोल आणि एक्स ही जोडी आहे, तिने फक्त ‘लेस’चे थांबणे संपते. लॉग फाइली ठरावीक काळाने नवे नाव देऊन बाजूला केल्या जातात आणि जुन्या नावाने नवी फाइल सुरू होते. त्यानंतर ‘लेस’ जुन्याच फाइलीकडे पाहत राहू नये म्हणून ‘--फॉलो-नेम’ हा पर्याय द्यावा. एखादा विशिष्ट संदेश येईपर्यंतच थांबायचे असेल तर आधी तो शोधावा, मग एस्केप दाबून मोठे एफ दाबावा. जुळणारी नवी ओळ येताच पाठलाग आपोआप थांबतो.

अनेक फाइली, फार मोठ्या फाइली, दाबलेल्या फाइली

कमांडमध्ये अनेक नावे दिली तर अपूर्णविराम आणि एन दाबून पुढच्या फाइलीत, अपूर्णविराम आणि पी दाबून मागच्या फाइलीत जाता येते. शोधाच्या तिरक्या रेघेनंतर लगेच तारांकन दिले तर एका फाइलीत न सापडलेला शब्द पुढच्या फाइलींतही शोधला जातो.

‘लेस’ पूर्ण फाइल वाचण्याची वाट न पाहता पहिला पडदा दाखवतो, म्हणून कित्येक गिगाबाइटची फाइलही लगेच उघडते. संथपणा येतो तो बहुधा ओळींचे क्रमांक मोजताना, कारण शेवटच्या ओळीचा क्रमांक सांगण्यासाठी आधीच्या सगळ्या ओळी मोजाव्या लागतात. असे अडकल्यासारखे वाटले तर कंट्रोल आणि सी दाबून मोजणी सोडून द्यावी, किंवा फाइल उघडतानाच वजा चिन्ह आणि लहान एन द्यावे.

जीझिप पद्धतीने दाबलेल्या फाइलींसाठी ‘झेडलेस’ आणि एक्सझेडसाठी ‘एक्सझेडलेस’ आहे. अनेक लिनक्स वितरणांत ‘लेसओपन’ हे एन्व्हायर्नमेंट चल, म्हणजे प्रोग्रॅमांना सेटिंग पुरवणारे नाव व त्याचे मूल्य, आधीच ठरवलेले असते आणि त्यामुळे अशा फाइली नुसत्या ‘लेस’नेही उघडतात. पण याचा अर्थ फाइल दाखवण्याआधी तिच्यावर दुसरा प्रोग्रॅम चालतो. अनोळखी ठिकाणाहून आलेली फाइल पाहताना वजा चिन्ह आणि मोठे एल देऊन ही मधली प्रक्रिया बंद ठेवणे शहाणपणाचे आहे.

देवनागरी मजकूर

मराठी मजकुराची फाइल उघडल्यावर अक्षरांऐवजी ‘<ई०><ए४>’ अशा जोड्या दिसल्या तर फाइल बिघडलेली नसते. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते आणि त्यांतला पहिला ‘ई०’ व दुसरा ‘ए४’ किंवा ‘ए५’ असतो. प्रणालीची भाषा-सेटिंग यूटीएफ-८ ची नसल्यामुळे ‘लेस’ त्यांना अक्षरे मानत नाही. ‘लोकेल’ ही कमांड चालवून सेटिंग पाहावी आणि ‘लँग’ हे चल यूटीएफ-८ असलेल्या मूल्याचे करावे. तात्पुरता उपाय म्हणून ‘लेसकॅरसेट’ या चलाला ‘यूटीएफ-८’ हे मूल्य देता येते. इंग्रजी अक्षरांच्या आणि अंकांच्या आगेमागे ‘^@’ दिसत असेल तर फाइल बहुधा यूटीएफ-१६ मध्ये आहे, आणि ती ‘आयकॉन्व्ह’ने आधी रूपांतरित करावी लागते. अक्षरे योग्य पण जोडाक्षरे तुटलेली किंवा वेलांट्या सरकलेल्या दिसत असतील तर दोष टर्मिनलच्या अक्षरजुळणीचा असतो. अशा वेळी दुसरा टर्मिनल प्रोग्रॅम वापरून पाहावा.

आवडते पर्याय कायमचे करणे

मोठ्या अक्षरांत ‘लेस’ या नावाचे एन्व्हायर्नमेंट चल ठरवले की त्यातले पर्याय प्रत्येक वेळी लागू होतात. ते शेलच्या सुरुवातीच्या फाइलीत, बॅशसाठी घरच्या फोल्डरमधल्या ‘.बॅशआरसी’मध्ये, ‘एक्सपोर्ट’ने लिहावे. आरंभाला मी तीन पर्याय सुचवीन: शोधासाठी लहान आय, तळाच्या ओळीत ओळक्रमांक व टक्केवारी देणारे मोठे एम, आणि रंगांसाठी मोठे आर. मोठे एस कायमचे ठेवू नये, कारण त्यामुळे मॅन पाने (कमांडांची माहितीपाने) आणि गद्य वाचताना उजवीकडचा मजकूर लपू शकतो.

मोठे आर विसरू नये याला आणखी एक कारण आहे. फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणारा ‘गिट’ आपला मजकूर ‘लेस’मध्ये दाखवतो आणि हे चल ठरवलेलेच नसेल तरच मोठे एफ, मोठे आर आणि मोठे एक्स हे पर्याय स्वतः भरतो. आपण चल ठरवले आणि त्यात मोठे आर ठेवले नाही, तर ‘गिट’चे रंग चिन्हांच्या माळा होऊन दिसू लागतात. पर्याय म्हणून मोठे एफ दिल्यास (ही पाठलागाची कळ नव्हे) एका पडद्यात मावणारा मजकूर दाखवून ‘लेस’ लगेच बाहेर पडतो. मोठे एक्स दिल्यास बाहेर पडल्यावरही वाचलेला मजकूर टर्मिनलवर राहतो. क्यू दाबताच सगळे नाहीसे होते आणि वाचलेली ओळ पाहून पुढची कमांड लिहिता येत नाही, ही तक्रार असलेल्यांनी मोठे एक्स जरूर वापरून पाहावे. इतर प्रोग्रॅमांनी कोणता पेजर वापरावा हे ‘पेजर’ या चलाने ठरते, मॅन पानांसाठी ‘मॅनपेजर’ आणि गिटसाठी ‘गिट_पेजर’ ही वेगळी चलेही आहेत.

प्रशासकाच्या अधिकारांनी वापरताना

‘लेस’ वाचनाचे साधन असले तरी त्यातून व्ही दाबून एडिटर आणि उद्गारचिन्ह दाबून शेलची कमांड चालवता येते. स्वतःच्या खात्यात ही सोय आहे, पण ‘सुडो’ने, म्हणजे प्रशासकाचे अधिकार देणाऱ्या कमांडने, उघडलेल्या ‘लेस’मधून चालवलेली कमांडही प्रशासकाच्या अधिकारांनी चालते. एखाद्याला फक्त एक लॉग फाइल वाचता यावी म्हणून ‘सुडो’तून ‘लेस’ची परवानगी दिली, तर प्रत्यक्षात त्याच्या हाती संपूर्ण यंत्र दिले जाते. त्याऐवजी त्या फाइलीचे वाचनाधिकार एखाद्या गटाला देऊन त्या व्यक्तीला गटात घ्यावे. ‘सुडो’ टाळता येत नसेल तर ‘लेससिक्युअर’ या चलाचे मूल्य १ ठेवावे, आणि ते वापरणाऱ्याला बदलता येणार नाही अशा रीतीने ठेवावे. त्याने एडिटर, शेल आणि फाइल लिहिण्याच्या सोयी बंद होतात.

काही नेहमीच्या अडचणी

कळा दाबूनही पडदा हलत नसेल तर टर्मिनलमध्ये चुकून कंट्रोल आणि एस दाबले गेल्याची शक्यता असते, त्याने मजकूर थोपवला जातो. कंट्रोल आणि क्यू दाबले की तो मोकळा होतो. दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमच्या संदेशाने पडदा विस्कटला असेल तर आर दाबून तो पुन्हा रंगवून घ्यावा. फाइल उघडताना ती मजकुराची नसावी असा इशारा देऊन ‘लेस’ तरीही पाहायची का असे विचारत असेल, तर होकार देण्यापूर्वी ‘फाइल’ या कमांडने तिचा प्रकार पाहावा. टर्मिनल पूर्ण सक्षम नाही असा इशारा आला तर ‘टर्म’ हे चल रिकामे किंवा अनोळखी मूल्याचे असते. राउटरसारख्या लहान यंत्रांवर बहुधा ‘बिझीबॉक्स’ या छोट्या कमांडसंचातला छोटा ‘लेस’ असतो. त्यात पुढे-मागे सरकणे आणि साधा शोध असतो, पण वर सांगितलेले बरेच पर्याय नसतात, आणि मोठी फाइल असल्यास ती दुसऱ्या यंत्रावर आणून वाचणे सोयीचे पडते.